लाईट आली, सर्व्हर आला नाही

वळवाच्या पहिल्या वादळात तालुक्याच्या गावची लाईट जाते ती बहुधा रात्री. कुठे तरी फांदी तारेवर पडते, फीडर ट्रिप होतो, आणि वायरमन तो पहाटे कधी तरी चालू करतो. घरोघरी फ्रिज घुरघुरायला लागतात, चालू राहिलेले पंखे फिरू लागतात, देवळावरचा दिवा लागतो. पतसंस्थेच्या मागच्या खोलीतला सर्व्हर मात्र तसाच पडून असतो. सकाळी शाखा उघडते, काउंटरवरचे संगणक सर्व्हर सापडत नसल्याची तक्रार करतात आणि मग कोणी तरी मागे जाऊन त्याचं बटण दाबतं. बिघाड काहीच नसतो. सुरू व्हायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

शाखेत माणूस असतो म्हणून हे खपून जातं. तोच सर्व्हर डोंगरावरच्या हवामान केंद्रात असेल, किंवा नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या मुलाने गावच्या घरात कॅमेऱ्यांसाठी ठेवलेला असेल, तर एका बटणासाठी एसटीचं तिकीट काढावं लागतं. लाईट आल्यावर सर्व्हर आपला आपण उठावा, ही अपेक्षा साधी वाटते. ती पुरी करायला गेलं की कळतं, संगणक घडवणाऱ्यांनी पावलोपावली गृहीत धरलेलं आहे की समोर खुर्चीत कोणी तरी बसलेलं असणार. सर्व्हरला स्वतः उठायला शिकवायचं म्हणजे ही गृहीतकं एकेक करून शोधून काढायची.

पहिलं गृहीतक बटणातच आहे. पंख्याचा खटका यांत्रिक असतो; एकदा दाबला की लाईट गेली तरी तो दाबलेलाच राहतो, त्यामुळे लाईट आली की पंखा फिरतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे पीसी असेच होते. त्यांचा खटका थेट २३० व्होल्टची वाट अडवायचा किंवा मोकळी करायचा. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे नातं तोडलं. तेव्हापासूनचं बटण वीज जोडत नाही, मदरबोर्डला फक्त विनंती करतं. संगणक 'बंद' असतानाही त्याचा पॉवर सप्लाय जांभळ्या वायरमधून ५ व्होल्टची बारीकशी वीज पुरवत राहतो, आणि त्या विजेवर मदरबोर्डचा एक कोपरा कायम जागा असतो. बटण दाबलं की हा कोपरा हिरवी वायर शून्य व्होल्टवर ओढतो, मग पॉवर सप्लाय मोठ्या वाटा उघडतो, आणि व्होल्टेज स्थिरावल्याचा निरोप आला की प्रोसेसर कामाला लागतो. या रचनेचे फायदे पुष्कळ झाले. 'शट डाउन' म्हटल्यावर संगणक स्वतःहून बंद होऊ लागला, नेटवर्कवरून जागा करता येऊ लागला. पण लाईट जाऊन आल्यावर काय करायचं, हा प्रश्न पूर्वी खटका न विचारताच सोडवत होता. आता तो कोणी तरी ठरवावा लागतो.

ठरवण्याची जागा म्हणजे बायोस. सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून आत गेलं की पॉवरच्या पानावर कुठे तरी ती ओळ सापडते. नाव दर कंपनीचं वेगळं: 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस', 'एसी बॅक', 'आफ्टर पॉवर फेल्युअर'. सगळ्यात कोड्यात बोलणारं नाव 'स्टेट आफ्टर जी थ्री'. जी थ्री ही वीजव्यवस्थापनाच्या परिभाषेत पूर्ण बंद अवस्था, प्लगच काढलेला असावा तशी. पर्याय बहुधा तीन असतात: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. घरगुती बोर्डांवर कारखान्यातून येताना बहुधा पहिला निवडलेला असतो, आणि घरासाठी तो शहाणपणाचाही आहे. मध्यरात्री लाईट आल्यावर झोपायच्या खोलीतला संगणक उजळून उठावा असं कुणालाच वाटत नाही. सर्व्हरसाठी मात्र बहुतेक जण तिसरा पर्याय निवडतात, कारण तो समजूतदार वाटतो. चालू होता तर चालू हो, मुद्दाम बंद केला होता तर बंद राहा. माझं मत स्पष्ट आहे: यूपीएसच्या आधारावर चालणाऱ्या सर्व्हरला हा समजूतदारपणाच गोत्यात आणतो. का, ते पुढे येईल.

त्याआधी दोन बारीक गोष्टी. हे सेटिंग जपलं जातं ते मदरबोर्डवरच्या एका बटण सेलच्या जिवावर. सीआर-२०३२ हा तो सेल. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. काही वर्षांनी तो संपतो, पण सर्व्हर चोवीस तास चालू असेल तर कळत नाही, कारण तोवर त्याची गरजच पडत नाही. लाईट गेल्यावर गरज पडते आणि नेमकं तेव्हाच घड्याळ मागे जातं, सेटिंग मूळपदावर येतं, म्हणजे 'बंद राहा'. दुसरी गोष्ट ऊर्जाबचतीची. युरोपीय संघाच्या नियमांनी बंद उपकरणाने खायच्या विजेवर आधी १ वॅट आणि २०१३ पासून ०.५ वॅट अशी मर्यादा घातली. म्हणून अनेक बोर्डांवर 'ईआरपी' नावाचं सेटिंग आलं. ते चालू केलं की तो जागा कोपराही जवळजवळ झोपी जातो. नेटवर्कवरून उठवणं बंद पडतं आणि काही बोर्डांवर लाईट आल्यावर उठणंही. सर्व्हरवर ते बंद ठेवलेलं बरं.

आता यूपीएस.

यूपीएस घेतला की प्रश्न मिटला असं समजलं जातं. दहा-पंधरा मिनिटांच्या खंडापुरता तो मिटतोही. सर्व्हरचा पॉवर सप्लाय स्वतः जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एका आवर्तनाचाही दम त्याच्यात नाही. तेवढ्यात यूपीएसने भार बॅटरीवर घ्यायला हवा, आणि चांगला यूपीएस तो घेतो. प्रश्न उरतो तो लांबलेल्या खंडाचा. दुकानात सहज मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या अनेक यूपीएसना संगणकाशी बोलायची सोयच नसते. बॅटरी संपली की सर्व्हर धाडकन जातो, आणि लाईट आल्यावर काही स्वस्त यूपीएस स्वतःच उठत नाहीत. त्यांचंही बटण दाबावं लागतं. विकत घेताना व्हीए आणि बॅकअपची मिनिटं विचारतातच. 'लाईट आल्यावर आपोआप सुरू होतो का' हेही विचारावं.

यूएसबीने बोलणारा यूपीएस असेल तर सर्व्हरवर एक पहारेकरी प्रोग्राम बसवता येतो. लिनक्सवर त्यासाठी 'नेटवर्क यूपीएस टूल्स' प्रसिद्ध आहे. त्याला सगळे 'नट' म्हणतात. बॅटरीवर आलो आणि बॅटरी खाली गेली, असे दोन्ही निरोप मिळाले की नट सर्व्हरला रीतसर शट डाउन करायला लावतो. डेटाबेस मिटतो, फायली बंद होतात, सर्व्हर झोपतो. इथवर सगळं नीट.

आता दोन शक्यता बघा. पहिली: सर्व्हर झोपला, नंतर बॅटरी संपून यूपीएसही बंद पडला, तासाभराने लाईट आली. बायोसमध्ये 'आधी होतास तसा हो' असेल तर मदरबोर्ड आपली नोंद बघतो. वीज गेली त्या क्षणी आपण कसे होतो? बंद. रीतसर शट डाउन झालेले. म्हणून तो आज्ञाधारकपणे बंद राहतो. यूपीएस नसता, धाडकन गेला असता, तर हाच सर्व्हर उठला असता. काळजी घेतली म्हणून अडकला. इलाज सोपा आहे: बायोसमध्ये सरळ 'चालू हो' निवडायचं.

दुसरी शक्यता अधिक चिवट. बॅटरी खाली गेली, नटने शट डाउन सुरू केलं आणि सर्व्हर मिटायला लागल्यावर अर्ध्या मिनिटात लाईट आली. यूपीएसने बॅटरी सोडून लाईट पकडली. सर्व्हर मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण बंद झाला. आता बायोसमध्ये 'चालू हो' असूनही उपयोग नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नाही! यूपीएसमधून अखंड वीज येते आहे, जागा कोपरा जागाच आहे, आणि 'वीज परत आली' ही घटना घडलेलीच नाही. शहरभर दिवे, यूपीएसवर हिरवा दिवा, आणि सर्व्हर कायमचा झोपलेला. लाईट पुन्हा नीट जाईपर्यंत तो उठणार नाही.

नट घडवणाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं ते उलट्या दिशेने. शट डाउनच्या अगदी शेवटी, फायली मिटल्यावर आणि वीज तुटण्याआधी, सर्व्हर यूपीएसला आज्ञा देतो: थोड्या वेळाने माझी वीज तोड, आणि लाईट असेल तर आणखी थोड्या वेळाने परत दे. यूएसबी यूपीएससाठी नटमध्ये हे आकडे मुळात २० सेकंद आणि ३० सेकंद असे ठेवलेले आहेत. एकदा ही आज्ञा गेली की दरम्यान लाईट आली तरी यूपीएस ऐकत नाही. वीज तोडतोच, मग जोडतो. त्या मुद्दाम पाडलेल्या खंडामुळे सर्व्हरला 'वीज परत आली' अशी खात्री पटते आणि तो उठतो. २० सेकंदांत सर्व्हर पूर्ण मिटत नसेल तर पहिला आकडा वाढवावा लागतो, आणि दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा मोठा असावा लागतो. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच: उठता यावं म्हणून सर्व्हर स्वतःच आपल्या हाताने स्वतःची लाईट घालवतो.

उठता येणं जमलं की पुढचा प्रश्न, लगेच उठावं का? वादळानंतरची लाईट एकदा येऊन थांबत नाही. येते, जाते, दोनदा लुकलुकते, मग टिकते. रिकामी बॅटरी असलेला यूपीएस पहिल्याच लाईटला सर्व्हर उठवून बसला आणि तो अर्धा उठलेला असताना लाईट पुन्हा गेली, तर या खेपेला रीतसर मिटायलाही वेळ मिळत नाही. म्हणून बऱ्याच यूपीएसमध्ये बॅटरी अमुक टक्के भरल्याशिवाय पुढे वीज सोडू नकोस, असं सांगता येतं. ते जरूर सांगावं. दहा मिनिटं उशिरा उठलेल्या सर्व्हरबद्दल कोणी तक्रार करत नाही.

रॅकमध्ये वीस सर्व्हर असतील तर आणखी एक अडचण येते. पॉवर सप्लायमधले रिकामे कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, पाठोपाठ पंखे आणि डिस्का एकदम फिरू लागतात; वीसही जण एकाच क्षणी उठले तर एमसीबी पडतो आणि पुन्हा अंधार. म्हणून खऱ्या सर्व्हरांमध्ये उठण्यापूर्वी थांबण्याची वेळ ठरवता येते. काहींत ती मुद्दाम अनिश्चित ठेवायची सोय असते, म्हणजे प्रत्येक सर्व्हर चिठ्ठी काढल्यासारखी आपली वेळ घेतो आणि गर्दी टळते. असल्या सर्व्हरमध्ये हे सगळं बघणारा एक वेगळाच छोटा संगणक असतो, बीएमसी (मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये). १९९८ साली इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही सामाईक भाषा ठरवली. बीएमसी सर्व्हर बंद असतानाही तशाच कायम मिळणाऱ्या बारीकशा विजेवर जागा असतो, त्यामुळे दूर बसूनही सर्व्हर चालू-बंद करता येतो, पडद्यावरचं दिसतं. अर्थात वाटेतला राउटर उठलेला असेल तर.

वीज परत येण्याचा क्षण वीज जाण्यापेक्षा महाग पडू शकतो, याची उदाहरणं मोठ्या कंपन्यांकडेच आहेत. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरची वीज गेली, सुट्टीच्या दिवसांत सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. कंपनीच्या सांगण्यानुसार वीज अनियंत्रितपणे एकदम परत सोडली गेली आणि खरं नुकसान त्यात झालं. त्याच्या पाच वर्षं आधी, २९ जून २०१२ रोजी, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात वादळ झालं आणि ॲमेझॉनच्या एका डेटा सेंटरमधले जनरेटर भार पेलू शकले नाहीत. यूपीएस संपले, सर्व्हर गेले. सुमारे वीस मिनिटांत सगळ्या रॅकना वीज मिळाली होती, पण ग्राहकांची बहुतेक यंत्रं पूर्ववत व्हायला तीन-चार तास लागले. ॲमेझॉनने नंतर दिलेल्या कारणांत एक असं होतं की सर्व्हर उठवण्याच्या प्रक्रियेतच तुंबारा झाला. वीस मिनिटांचा अंधार आणि तीन तासांची पहाट. फेसबुकचं ४ ऑक्टोबर २०२१ चं बंद पडणं विजेमुळे नव्हतं, पण त्यांनाही शेवटी हीच धास्ती होती: विजेचा वापर अचानक दहा-दहा मेगावॉटनी खाली आलेला, तो एकदम वर नेला तर विजेच्या यंत्रणेपासून सगळंच धोक्यात. मुंबईची वीज १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि वीज परत आली ती टप्प्याटप्प्याने, रेल्वेसारख्या अत्यावश्यक सेवांना आधी देत. ग्रिड चालवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संगणकवाल्यांना ते उशिरा कळलं.

आपल्या एका सर्व्हरकडे परत येऊ. वीज आली, बायोसने होकार दिला, पंखे फिरले. आता वाटेत अडवणारे उभे असतात.

पहिला अडवणारा विनोदी आहे. कीबोर्ड सापडला नाही, पुढे जायला एफ-वन दाबा, असा संदेश देऊन जुने पीसी थांबून राहायचे. कीबोर्डच नाही तर दाबायचं काय, हे लिहिणाऱ्याच्या मनात आलं नाही, कारण माणूस समोर आहे हे गृहीत होतं. आजही जुना पीसी सर्व्हर म्हणून वापरताना बायोसमध्ये 'चुकांवर थांबू नकोस' हे सांगावं लागतं. दुसरा अडवणारा बूट मेन्यू. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मागची सुरुवात अर्धवट राहिली असेल तर मेन्यू निवडीची वाट बघत अनंतकाळ थांबायचा. लुकलुकणाऱ्या लाईटमध्ये मागची सुरुवात अर्धवट राहणारच. तिसरा, डिस्कची तपासणी. धाडकन गेलेल्या डिस्कवर अर्धवट लिहिलेलं काही राहतं. पूर्वी सगळी डिस्क चाळून बघावी लागे, आणि डिस्का मोठ्या झाल्या तसे त्यात तास जाऊ लागले. लिनक्समध्ये २००१ च्या अखेरीस ईएक्सटी-थ्री ही फाइल प्रणाली आली, तिच्यात काय लिहिणार आहोत याची आधी नोंद ठेवायची पद्धत होती आणि तपासणी बहुधा काही सेकंदांवर आली. पण गंभीर चूक सापडली की प्रणाली अजूनही थांबून माणसालाच विचारते. चौथा अडवणारा सगळ्यांत सामान्य: बॅकअपसाठी जोडलेली यूएसबी डिस्क कुणी तरी काढून नेलेली असते. सध्याचं लिनक्स तिची ९० सेकंद वाट बघतं आणि मग सगळी सुरुवात रद्द करून आणीबाणीच्या पडद्यावर जाऊन बसतं. डिस्कच्या नोंदीत 'नोफेल' एवढा एक शब्द घातला असता तर तिच्यावाचून ते पुढे गेलं असतं.

पाचव्या अडवणाऱ्याला सहज दूर सारता येत नाही, आणि सारू नये. डिस्क कूटबद्ध केली असेल तर सर्व्हर उठताना पासवर्ड मागतो. मागायलाच हवा, तेवढ्यासाठीच ती कूटबद्ध केली. किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये ठेवली तर तो न विचारता उठतो, पण मग सुटी डिस्क चोरणाऱ्याचीच अडवणूक होते, अख्खी पेटी उचलून नेणाऱ्याकडे मात्र ती आपली आपण सुरू होते. किल्ली नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राकडून घेता येते. किंवा उठण्याच्या पहिल्या टप्प्यातच दूरून लॉगिन करून पासवर्ड देता येतो. रुग्णांचे अहवाल ठेवणाऱ्या लॅबसाठी मी हा शेवटचा मार्ग निवडेन, भले त्यासाठी कोणाला तरी पहाटे फोन उघडावा लागला तरी.

अडवणारे संपले, सर्व्हर उठला, आणि तरीही काउंटरवर काम सुरू होत नाही. कारण प्रोग्राम उठलेला नाही. लिनक्समध्ये एखादी सेवा आत्ता सुरू करणं आणि दर वेळी सुरू होईल असं ठरवणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. दोन वर्षांपूर्वी बसवताना कुणी तरी पहिली दिली, सगळं चाललं, दुसरी राहून गेली. दोन वर्षं सर्व्हर बंदच पडला नाही म्हणून कोणाला कळलं नाही. अखंड चालणारे सर्व्हर याबाबतीत सर्वांत अविश्वासू. त्यांच्या उठण्याची परीक्षाच कधी झालेली नसते.

क्रमाचा घोळही इथेच होतो. सर्व्हर पाऊण मिनिटात उठतो, फायबरच्या जोडणीला आणि राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. सर्व्हर नेटवर्क शोधतो, सापडत नाही, प्रोग्राम चूक नोंदवून मरतो. फायली दुसऱ्या पेटीवर असतील आणि ती डिस्का तपासत बसली असेल तर तेच. काही ठिकाणी तर नावं सांगणारा डीएनएस सर्व्हर ज्या यंत्राच्या पोटात चालतो, त्या यंत्रालाच उठताना त्याची गरज पडते. क्रम ठरवून देता येतो, पण मोठ्या मांडणीत तो कुठे तरी चुकतोच. त्यापेक्षा प्रत्येक प्रोग्रामला 'जमलं नाही तर थोडं थांबून पुन्हा बघ' हे शिकवणं जास्त टिकतं. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी एक जादा सूचना: तो वीज लागताच उठतो, हा त्याचा मोठा गुण, पण २०२३ च्या पाय-फाइव्हच्या आधीच्या पायमध्ये घड्याळच नाही. नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो भूतकाळात असतो आणि त्या वेळात सुरक्षित जोडण्या प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून नाकारतो.

हे सगळं जमलं की नाही ते कळायला एकच उपाय, लाईट घालवून बघणं. सर्व्हरची पिन नव्हे, यूपीएसची भिंतीतली पिन काढायची, आणि बॅटरी खाली जाऊन सर्व्हर मिटेपर्यंत बसून राहायचं. मग पाचेक मिनिटं थांबायचं. कपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो, त्यामुळे काढली आणि लगेच लावली ही परीक्षा होत नाही. पिन लावल्यावर कशालाही हात न लावता काउंटरवरच्या संगणकावर खातं उघडतं का ते पाहायचं. दुसरी खेप सहसा कोणी घेत नाही, आणि तीच महत्त्वाची: सर्व्हर मिटायला लागला की मध्येच पिन परत लावायची. लाईट असूनही यूपीएसने काही सेकंद वीज तोडली आणि मग जोडली, तर नटची आज्ञा पोचते आहे. नुसता हिरवा दिवा लावून तो शांत राहिला, तर पोचत नाही. आधी बॅकअप घ्यावा, हे सांगायला नको. आणि बाजाराच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हा खेळ मांडू नये, कारण संपलेला बटण सेल याच वेळी उघडकीला येतो.